आधी बूट, मग तपासणी

६ जानेवारी, सकाळ

आंघोळ करून बाथरूमच्या बाहेर आलो आणि सहज मागे वळून पाहिलं. फरशीवर माझ्या ओल्या पावलांचे ठसे होते. ठसे म्हणणं हा भाषेचा सैल वापर झाला. सभ्य माणसाच्या ठशात टाच असते, चवडा असतो आणि मधे एक डौलदार मोकळी जागा असते. माझ्या ठशात मोकळं असं काही नाही. सरळसरळ वीट, तिला पुढे पाच बोटं. संस्कृत कवींनी चरणांना कमळ म्हटलं, कोवळी पालवी म्हटलं. विटेची उपमा एकालाही सुचली नाही. असे पाय त्यांच्यासमोर कोणी काढलेच नसावेत. तीस वर्षं बातमीदार म्हणून दुसऱ्यांच्या पायाखाली काय जळतंय ते शोधत हिंडलो, आणि स्वतःच्या पायाला कमान नाही ही बातमी मला त्रेपन्नाव्या वर्षी फरशीकडून कळावी, हा अन्याय आहे. नोंद करून ठेवतो.

हिला ठसे दाखवले. ही म्हणाली, पाहिले, आता पुसा. आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासणीची वेळ घेतलीत का?

विषय बदलणं ही हिची जुनी खोड.

त्याच दिवशी, ऑफिस

तपासणीचं थोडक्यात. गेल्या आठवड्यात ऑफिसची लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर चालत जाताना दुसऱ्या वळणावर धाप लागली, छातीत जरा आवळल्यासारखं झालं आणि मी पायरीवर बसलो. बसलो, एवढंच. आमचा फोटोग्राफर, ज्याला सगळं ऑफिस लेन्स म्हणतं, नेमका तिथून जात होता. त्याने पाणी आणलं, आणि तेवढ्यावर न थांबता हिला फोन केला. मग डॉक्टर. डॉक्टर माझा शाळेतला मित्र. मैत्री जुनी असली तरी गोळ्या नव्या आणि कडू देतो. त्याने आलेख काढला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, ट्रेडमिलची तपासणी करून घे. म्हणजे अंगाला वायरी चिकटवून चालत्या पट्ट्यावर चालवतात, वेग वाढवत नेतात आणि हृदय कुठे कुरकुरतं ते बघतात. लवकर कर, म्हणाला.

त्याने छाती पाहिली, जीभ पाहिली, पापण्या ओढून डोळे पाहिले. पाय पाहिले नाहीत. निदान इथेच चुकलं.

७ जानेवारी

शांतपणे विचार केला. कमान नाही म्हणून पाऊल जमिनीवर आपटतं. त्याचा धक्का पोटऱ्यांना. पोटऱ्या दमल्या की मांड्या, मांड्यांवरून कंबर, कंबरेवरून छाती. म्हणून धाप. जिथे जिथे सपाट पाय, तिथे तिथे धाप, उदाहरण, मी. कॉलेजात न्यायशास्त्राचा पेपर दिला होता तो वाया गेला नाही.

हिला ही साखळी ऐकवली. ही म्हणाली, तरीच बदकं जिना चढत नाहीत.

निश्चय: आधी बूट, मग तपासणी. सपाट पायांच्या माणसाला योग्य बुटांशिवाय पट्ट्यावर चढवणं म्हणजे यंत्राची दिशाभूल करणं. आठवड्याभरात उरकतो.

८ जानेवारी

शास्त्रीय प्रयोग. दोन्ही पाय पाण्यात बुडवून रद्दीच्या कागदावर उभा राहिलो. संपूर्ण वीट, दोन प्रती. नंतर लक्षात आलं की कागद कालच्या अंकाचा होता आणि पाय अग्रलेखावर पडले होते. आमच्या अग्रलेखाला इतका भक्कम पाठिंबा बऱ्याच दिवसांत मिळाला नसेल.

१० जानेवारी, ऑफिस

लिफ्ट अजून बंद. दुसऱ्या वळणावर भिंतीला आग विझवण्याचं लाल नळकांडं टांगलेलं आहे आणि त्यावर सूचना छापल्या आहेत. मी तिथे रोज थांबून त्या वाचतो. पिन ओढा. नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा. मजकूर सुबोध आहे, दरवेळी नवा अर्थ लागतो. आज संपादकबाई मागून आल्या आणि विचारलं, आगीच्या सुरक्षिततेवर काही करताय का? मी हो म्हणालो.

संध्याकाळपर्यंत ती बातमी माझ्या गळ्यात पडली. शहरातल्या सगळ्या उंच इमारती, आणि त्यांचे जिने.

११ जानेवारी, रविवार

मेहुणा आला होता. हा हिचा धाकटा भाऊ, पळतो. पूर्वी माणसं कोणाच्या तरी मागे किंवा कोणाच्या तरी भीतीने पळायची; हा पदकासाठी पळतो, आणि पदक सगळ्यांनाच मिळतं. मनगटावर घड्याळ आहे, ते त्याला उभा राहा, बस, श्वास घे असं सांगतं. लग्न झाल्यावर काढून टाकेल.

पण बुटांत त्याची गती आहे. त्याने सांगितलं की पळायच्या बुटांच्या जाती असतात. न्यूट्रल, स्टॅबिलिटी आणि मोशन कंट्रोल. ज्यांची पावलं आत कलंडतात त्यांना दुसरी किंवा तिसरी लागते. माझा जुना बूट उलटा करून त्याने तळ पाहिला. आतल्या कडेने झिजलेला. भावजी, तुम्ही आत कलंडता, म्हणाला. माझ्यावर आजवर पुष्कळ आरोप झाले. हा पहिलाच पुराव्यासकट होता.

निघताना स्वयंपाकघरात बहीणभाऊ कुजबुजले. भिंती पातळ आहेत. त्याने विचारलं, तपासणी कधी? हिने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. नळ सोडला होता.

१४ जानेवारी

बुटांचं दुकान. आत शिरताच एका तरतरीत गृहस्थाने माझ्या घोट्यांकडे पाहून नमस्कार केला. मग त्याने मला काचेसमोरच्या पट्टीवर पळायला लावलं आणि मागून मोबाइलवर चित्रण केलं. नंतर ते संथ गतीत दाखवलं. माझ्याच घोट्यांचा चित्रपट मी उभ्या उभ्या पाहिला. दोघंही आतल्या बाजूला झुकतात, एकमेकांच्या कानात काहीतरी सांगायचं असल्यासारखे.

पट्टी दुकानाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, म्हणजे लांब नव्हती. तरी परत येऊन बसावं लागलं. दुकानदाराने पाणी दिलं, म्हणाला, बसा साहेब, घाई नाही. दुकानात नव्या रबराचा आणि गोंदाचा वास फार होता. अशा हवेत कोणालाही गुदमरेल.

दोन जोड पसंत पडले. घेतले नाहीत. बातमीदाराने एका सूत्रावर विश्वास ठेवू नये. चौकशी चालू आहे.

१७ जानेवारी

कन्येचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. मी तिला टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाबद्दल सांगितलं, त्याला ड्रॉप म्हणतात, आणि सपाट पायांना तो किती असावा यावर तज्ज्ञांत दोन तट आहेत. तिने सगळं ऐकून घेतलं. समजूतदार मुलगी. मग म्हणाली, बाबा, आईला फोन दे.

दोघी बराच वेळ बोलल्या. ड्रॉपबद्दल नसावं.

२१ जानेवारी

घेतले. स्टॅबिलिटी जातीचे. आतल्या बाजूला कडक फेसाची भिंत आहे, ती पावलाला सन्मार्गावर ठेवते. माझ्या मापात एकच रंग शिल्लक होता: नारिंगी. साधा नारिंगी नाही, अंधारात स्वतःच्या हिमतीवर दिसणारा. ही म्हणाली, बरं झालं, तुम्ही उभे राहिलात की पुढे रस्त्याचं काम चालू आहे असं समजून गाड्या वळसा घालतील.

निश्चय: उद्या पहाटेपासून सराव. बागेला दोन फेऱ्या. तपासणीत यंत्राला नवखा वाटता कामा नये.

२२ जानेवारी

पहाट चुकली. नवे बूट पहिल्या दिवशी घरातच घालावेत असं खोक्यावर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नव्हतं, पण असायला हवं. सोफ्यापासून गॅलरीपर्यंत चाललो. अतिशय उत्साहवर्धक.

२५ जानेवारी

नुसते बूट पुरत नाहीत. मेहुणा म्हणतो तसा आत कमानीला आधार देणारा तळवा लागतो, ज्याला इनसोल म्हणतात. तोही आणला आणि बुटात बसवला. पाऊल आत जाईना. रेटलं. गेलं. थोड्याच वेळात बोटांना मुंग्या आल्या. शुभचिन्ह. जन्मभर निजलेल्या नसा जाग्या होत असणार.

ही बराच वेळ बघत होती. मग तिने माझा बूट काढून घेतला, आत हात घातला आणि बुटाबरोबर आलेला मूळ तळवा ओढून काढला. हा आधी काढायचा असतो, म्हणाली. एका गादीवर दुसरी घालून वर तुम्हाला दारातून आत ढकलायचं म्हणजे कसं जमेल?

मूळ तळवा काढल्यावर बूट सैल झाला. म्हणजे माप चुकलं. म्हणजे दुकान पुन्हा. म्हणजे तपासणी पुढे. यात माझा काय दोष?

३० जानेवारी

पायांच्या डॉक्टरीणबाई. शहरात त्या एकट्याच आहेत. त्यांच्याकडे काचेचा चौथरा आहे. त्यावर उभं राहिलं की पडद्यावर तळव्यांचा रंगीत नकाशा उमटतो. माझे तळवे वादळाच्या अंदाजासारखे दिसले, सगळीकडे लाल.

बाईंनी विचारलं, पाय दुखतात? नाही. गुडघे? नाही. घोटे, कंबर? नाही. चवड्यांवर उभे राहा, म्हणाल्या. राहिलो. त्यांनी आरसा धरला आणि त्यात मला माझी कमान दिसली. होती. नीट, रेखीव, कमळ म्हणावी अशी. टाचा टेकल्या की गुप्त. बाई म्हणाल्या, लवचिक पाय आहेत, असे पुष्कळांचे असतात, दुखत नसेल तर काहीही करू नका.

तज्ज्ञ माणसाने असं बोलावं याचं वाईट वाटलं. मी आग्रह धरला. मी पळणारा माणूस आहे, म्हणालो. बाईंनी विचारलं, किती पळता? मी म्हणालो, ते डॉक्टरांनी सांगितलेल्या एका तपासणीवर अवलंबून आहे. कसली तपासणी? मी चौथऱ्याची काच किती जाड आहे ते विचारलं.

शेवटी त्यांनी मापाचे मऊ तळवे करून द्यायचं कबूल केलं. कागदावर कारण लिहिलं: समाधानासाठी. कोणाच्या ते लिहिलं नाही.

६ फेब्रुवारी

मापाचे तळवे आले, लहान मापाचा बूटही आला. घातले. काय सांगावं. पहिल्या पावलालाच कोणीतरी खालून उचलून धरल्यासारखं वाटलं. अंगात एक प्रकारची ताठ शिस्त आली. आज जिन्यावर लाल नळकांड्यापाशी थांबलो ते निव्वळ सवयीने. श्वास लागला, पण तो वेगळ्या दर्जाचा होता. कमान वर येते आहे. आतून जाणवतं.

८ फेब्रुवारी

हिने बूट उन्हात ठेवताना पाहिलं. डावा तळवा उजव्या बुटात होता आणि उजवा डाव्यात.

तीन दिवस आतून काय जाणवत होतं, असं हिने विचारलं. मी पेपर वाचत होतो.

९ फेब्रुवारी

मेहुण्याचा फोन. त्याला बातमी पोचली होती. भावजी, आता दोन्ही बूटही उलटे घाला, म्हणजे हिशेब बरोबर होईल, म्हणाला. या घरात गुप्तता नावाची चीज नाही.

१२ फेब्रुवारी

एक चांगली गोष्ट. इतके दिवस जमवलेली माहिती वाया जाऊ नये म्हणून पुरवणीसाठी लेख लिहिला: "पावलांचं ऐका". आज छापून आला. त्यात मी "रोज सकाळी पळताना मला जाणवतं की" असं एक वाक्य घातलं आहे. शैलीसाठी. संपादकबाईंना आवडला, लेखमाला करा म्हणाल्या. वाचकांचे फोन आले. एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, आपण कोणत्या बागेत पळता, सोबत करायला येईन म्हणतो. मी बाग बदलत असतो, असं सांगितलं.

हिने लेख मोठ्याने वाचला. त्या वाक्यापाशी थांबली आणि म्हणाली, ही सकाळ कोणत्या देशातली?

१३ फेब्रुवारी

डॉक्टरचा ऑफिसात फोन. मी त्याला समजावलं की नव्या तळव्यांना पाय सरावायला वेळ द्यावा लागतो. शरीराची आपली एक गती असते, ती ओरबाडून चालत नाही. तो म्हणाला, किती वेळ? मी म्हणालो, कमानीवर अवलंबून आहे.

तो जरा थांबला. शाळेत माझी गणिताची वही मागताना थांबायचा तसा नाही, दुसऱ्या तऱ्हेने. मग म्हणाला, "हे बघ, मी तुझ्या पायांबद्दल एकही शब्द ऐकणार नाही. वहिनींनी गुरुवारची वेळ घेतली आहे. तू येतोस."

माझ्या पाठीमागे कट. आणि लेखमालेचा दुसरा भाग देण्याचा दिवसही गुरुवारच.

१६ फेब्रुवारी, ऑफिस

दुसरं वळण. सूचना वाचून झाल्या, पुन्हा वाचल्या, तरी वर जाता येईना. बसलो. बूट उत्तम होते, तळवे योग्य पायांत होते, लेस दुहेरी गाठीची होती. म्हणजे या खेपेला पुराव्यात कुठे खोट नव्हती.

लेन्स आला. शेजारी बसला. कॅमेरा मांडीवर उलटा ठेवला. नारिंगी रंग फोटोत फार सांडतो, म्हणाला.  वर जाताना तो माझ्या मागून आला. एरवी दोन-दोन पायऱ्या चढणारा माणूस, आज एकेक.

हिला फोन करू नकोस, असं त्याला सांगितलं. नाही करणार, म्हणाला. केलाच.

१८ फेब्रुवारी

उद्या तपासणी. तयारी चोख आहे. बूट पुसले. तळवे तपासले, डाव्यात डावा, उजव्यात उजवा. मोजे जाड घ्यावेत की पातळ यावर सकाळी विचार केला, जाड ठरले. यंत्रापुढे आपण कमी पडणार नाही. पायांच्या बाबतीत तरी नाही.

मोज्यांबद्दल हिचं मत विचारलं. जे तुम्हाला बरे वाटतील ते घाला, म्हणाली.

१९ फेब्रुवारी, दुपार

तपासणी केंद्र. रांगेत सगळ्या वयाची माणसं होती, कोणाच्या पायात सँडल, कोणाच्या साध्या चपला. माझ्या बुटांकडे सगळ्यांनी पाहिलं. मला त्यांची थोडी कीव आली.

आत बोलावलं. टेक्निशियन बाईंनी शर्ट काढायला सांगितला, छातीवरचे केस ठिकठिकाणी भादरले आणि वायरी चिकटवल्या. मी पट्ट्यावर चढणार तेवढ्यात त्यांनी हात आडवा केला.

"बूट काढा. मोजेही. बाहेरचे बूट पट्ट्यावर चालत नाहीत, इथे सगळे अनवाणीच."

मी त्यांना सांगितलं की माझे पाय सपाट आहेत. चालेल, म्हणाल्या. मी सांगितलं की या विषयावर माझा लेख आला आहे. त्यांनी रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळला. पुरवणीतला लेख, असंही सांगितलं. तोंडाने श्वास घ्या, असं उत्तर आलं.

बूट काढले. दार उघडून ते हिच्या हातात दिले. ही बाहेर बाकावर बसली होती. तिने ते मांडीवर घेतले, मोज्यांचे गोळे करून आत ठेवले. दार बंद झालं.

पट्टा गार होता. त्यावर माझे दोन्ही पाय पूर्ण टेकले, टाचेपासून बोटांपर्यंत, आणि खरं सांगायचं तर पायांना काही झालं नाही. ते चालले. वेग वाढला, चढ आला, ते चालत राहिले. छातीत आवळायला लागलं. मला तक्रार करायची नव्हती, पण बाई पडद्याकडे पाहून उठल्या, तिथल्या डॉक्टरांना बोलावलं, दोघांनी पडदा पाहिला आणि डॉक्टर म्हणाले, पुरे. ठरलेल्या वेळेच्या पुष्कळ आधी. पट्टा थांबला. मला झोपवून ठेवलं, जिभेखाली गोळी दिली. तेवढ्यात त्यांनी आमच्या डॉक्टरला फोन लावला. त्याचा निरोप आला: आज घरी आराम, उद्या सकाळी दवाखान्यात या. दोघंही या.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ

येताना टॅक्सीत ही माझ्या शेजारी बसली होती. बूट अजून तिच्या मांडीवर होते, मी केंद्रातल्या कापडी सपाता घालून तसाच निघालो होतो. मी वाट पाहत होतो. दीड महिना बुटांमागे घालवून अनवाणी चाललेला नवरा, त्याच्या पायात कागदासारख्या सपाता, हिच्या मांडीवर रस्त्याच्या कामाचा रंग. इतकं तयार साहित्य हिच्यासमोर यापूर्वी मी कधी ठेवलं नव्हतं.

ही काही बोलली नाही.

मीच म्हणालो, बूट तुझ्या मांडीवर छान दिसतात. ती म्हणाली, "हो." आणि माझी शाल नीट केली. शाल मला नको होती, उकडत होतं.

घरी आल्यावर मी मुद्दाम पेपर उलटा धरून बसलो. तिने तो हलक्या हाताने सरळ करून दिला.

पट्टा काय सांगेल याची मला पहिल्या दिवसापासून भीती वाटत होती. पायांना काही झालेलं नाही हे मला ठाऊक होतं. पण आता त्याहून मोठी भीती वाटते आहे. कालपासून हिने मला एकही टोमणा मारलेला नाही. तिने मला आजारी माणूस ठरवलं आहे, आणि आजारी माणसाची कोणी थट्टा करत नाही. हृदयाचं डॉक्टर बघतील. हिने यापुढे माझी थट्टाच केली नाही तर मी या घरात कसं राहायचं, ते मला माहीत नाही.